अलंकारिक भाषा : अण्णा भाऊ साठे यांच्या लेखनातील

उपमा, रूपक, दृष्टान्त, अतिशयोक्ती अशा साधनांनी सांगायचे ते थेट न सांगता दुसऱ्या कशातून तरी दाखवणारी भाषा. संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त सूचित अर्थाला काव्याचा आत्मा मानले. मराठीत महानुभाव पंथाने दृष्टान्तांतून धर्म शिकवला आणि ‘ज्ञानेश्वरी’ने (१२९०) गीतेचे तत्त्वज्ञान रोजच्या जगण्यातल्या उपमांनी सोपे केले. या भाषेची ताकद विसाव्या शतकात पाहायची, तर घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून लिहिणाऱ्या अण्णा भाऊ साठे (१ ऑगस्ट १९२०–१८ जुलै १९६९) यांच्याकडे वळावे लागते.

वाळवा तालुक्यातील वाटेगावी जन्मलेल्या अण्णा भाऊंना शाळा जवळपास मिळालीच नाही. मुंबईत त्यांनी गिरणीत काम केले आणि १९४४ मध्ये शाहीर अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. अलंकार त्यांच्याकडे आले ते तमाशाच्या फडातून, लावणी-पोवाड्यांतून.

मराठी भाषकांच्या एका राज्यासाठी झालेल्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी रचलेली ‘माझी मैना’ ही छक्कड, म्हणजे तमाशातली लावणीवजा रचना, या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगी आहे. गरिबीपायी गडी मुंबईला निघतो. भल्या पहाटे भाकरतुकडा बांधला जातो आणि बायको, म्हणजे त्याची मैना, त्याला वाटेला लावायला येते. तिचा उतरलेला चेहरा पाहून तो शिंदेशाही तोडे, कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ अशा दागिन्यांची वचने देत सुटतो. मुंबईत मात्र त्याच्या वाट्याला वणवण येते. ऐकणारा हे सगळे विरहाचे गाणे म्हणून ऐकत असतो. कितीतरी गिरणी कामगार बायकामुले गावी ठेवून खाणावळीत जेवत होते. त्यांना ते आपलेच गाणे वाटणार. आणि मग शेवटाकडे शाहीर सांगतो, की बेळगाव, कारवार यांच्यावाचून तुटलेल्या महाराष्ट्राची गत हीच आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने बेळगाव-कारवार म्हैसूर राज्यात गेले होते. ‘भाषिक राज्य अपुरे राहिले’ हे वाक्य ठरावात चालते. पण सीमारेषा काळजाला का लागावी, हे त्या वाक्यातून कळत नाही, मैनेमुळे कळते. उपमान आधी पुरते जगवून उपमेय इतक्या उशिरा आणण्याचे हे धाडस फार थोड्या कवींना साधले आहे.

१९५८ मध्ये मुंबईत झालेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनपर भाषणातही हीच रीत दिसते. शेषनागाच्या मस्तकावरची पृथ्वी अण्णा भाऊंनी तिथून उचलली आणि दलित-श्रमिकांच्या तळहातावर ठेवली. जुन्या पुराणकथेचा आकार तोच राहिला, भार वाहणारा मात्र बदलला.

कथेत त्यांची वाट वेगळी आहे. ‘स्मशानातील सोनं’मधला भीमा मुंबईच्या उपनगरातल्या खाणीत दगड फोडणारा. खाण बंद पडते आणि तो प्रेतांच्या राखेत, मढ्यांच्या तोंडात सोने शोधू लागतो. एरवी रूपक वाटावे असे हे शीर्षक इथे शब्दशः खरे आहे. एका मढ्याच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती गमवावी लागतात. आणि खाण पुन्हा सुरू होते. लेखक यावर काही भाष्य करत नाही, तुलनाही जोडत नाही. वास्तवच इतके बोलके असताना प्रतिमा आवरून धरणे, हाही अलंकाराच्या जाणकारीचाच भाग आहे. अलंकार म्हणजे वरून घातलेला साज, हा शालेय समज अण्णा भाऊंच्या बाबतीत टिकत नाही.

‘माझी मैना’ छापील पानावर वाचण्याआधी विठ्ठल उमप यांच्या आवाजात ऐकावी. विरहाच्या गाण्याचे लढ्याचे गाणे कुठे होते, ते कानालाच आधी कळते.