परिच्छेद-संरेखन (मराठी अक्षरजुळणीतील)

पृष्ठरचनेच्या संगणकप्रणालीत परिच्छेदातील ओळींच्या कडा समासाच्या कोणत्या रेषेस टेकाव्यात, याविषयी करावयाची तजवीज म्हणजे परिच्छेद-संरेखन. व्यवसायात त्यास ‘अलाइनमेंट’ हेच नाव रूढ असून, मुंबईतील अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका, गणेशोत्सवाची स्मरणिका किंवा सोसायटीचा अहवाल घेऊन गेलेल्या माणसास ‘मॅटर लेफ्ट ठेवू की जस्टिफाय करू?’ असे विचारले जाते, ते याच संदर्भात. डावे, उजवे, मध्य आणि दुतर्फा असे त्याचे मुख्य प्रकार. मध्य-संरेखन पत्रिकेस व मुखपृष्ठास शोभते, उजवे स्वाक्षरीपुरते व दिनांकापुरते योग्य. खरा विचार करावा लागतो तो दुतर्फा, म्हणजे ‘जस्टिफाय’ केलेल्या मजकुराचा.

खिळ्यांच्या (धातूच्या टाइपांच्या) काळी हे काम जुळाऱ्याच्या हातचे होते. खिळे रचण्याच्या स्टिकमध्ये ओळ भरत आली की उरलेली जागा तो निरनिराळ्या जाडीच्या स्पेसांनी शब्दांच्या दरम्यान वाटून देई, आणि ती वाटणी डोळ्यास पटेपर्यंत ओळ पुन्हा सोडवी. १९८५ साली आलेल्या पेजमेकर व १९९९ मध्ये आलेल्या इनडिझाइन या पृष्ठरचनेच्या प्रणालींनी ती वाटणी यंत्राकडे सोपविली. परंतु ज्या नियमांनी यंत्र ती करते, ते मुळात रोमन लिपीच्या सोयीने ठरलेले आहेत, आणि मराठी पानांतील बहुतेक विद्रूपतेचे कारण येथेच आहे.

इनडिझाइनमध्ये शब्दांतराच्या मूळ मर्यादा किमान ८०, इष्ट १०० व कमाल १३३ टक्के अशा असतात, तर अक्षरांतराची तिन्ही मूल्ये शून्य असतात. रोमन मजकुरात ओळ बसेना तेव्हा अक्षरांतरास किंचित मुभा देण्याची प्रथा आहे, कारण तेथे अक्षरे मुळातच सुटी असतात. देवनागरीत मात्र शब्दास बांधून ठेवणारी शिरोरेषा अक्षरांतर वाढताच जागोजाग तुटते, आणि ‘कार्यकारिणी’ हा एक शब्द न राहता पाच तुकड्यांची रांग होते. म्हणून मराठीत अक्षरांतर शून्यावरच ठेवावे, आणि सर्व भार शब्दांतराने सोसावा, हा नियम निरपवाद मानला पाहिजे.

तथापि शब्दांतरही अमर्याद नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दास जोडून येत असल्याने शब्द लांबतात. स्मरणिकेच्या अरुंद रकान्यात ‘कार्यकारिणीच्या’ हा शब्द मावला नाही म्हणजे तो पुढील ओळीत जातो, आणि मागे राहिलेले ‘मंडळाच्या’ व ‘नूतन’ हे दोन शब्द रकान्याच्या दोन टोकांस जाऊन मध्ये मोठे खिंडार पडते. अशी खिंडारे लागोपाठच्या ओळींत आली की पानातून वरपासून खालपर्यंत पांढरा ओघळ दिसू लागतो. त्यावर शब्द तोडून संयोगचिन्ह देणे हा उपाय. पण युनिकोडपूर्व फाँटांच्या काळात तो उपलब्धच नव्हता म्हटले तरी चालेल, कारण त्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठविली जाई आणि यंत्राने तेथे शब्द तोडला तर वेलांटी एका ओळीच्या शेवटी व तिचे अक्षर दुसऱ्या ओळीच्या आरंभी असा प्रकार घडे. साहजिकच जुळणीकार हायफनेशन बंद ठेवीत, आणि ती सवय कित्येक ठिकाणी आजही कायम आहे.

या बाबतीत मुंबईच्या उपनगरांचे ऋण नमूद करणे उचित होय. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली ‘रघु’ हा युनिकोड फाँट सिद्ध झाला. विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ हा फाँटही जोशी यांच्याच आरेखनाचा. युनिकोडमध्ये वर्ण उच्चारक्रमाने साठविले जात असल्याने अक्षराची सीमा यंत्रास कळू लागली, आणि २०१२ च्या इनडिझाइन सीएस६ पासून मराठी शब्दकोशाच्या आधारे शब्दभंग करण्याची सोय झाली. त्यासाठी परिच्छेदाची भाषा मराठी ठेवून ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडावा लागतो. तो एकेक ओळ सुटी न पाहता संपूर्ण परिच्छेद एकत्र तोलतो, त्यामुळे अंतरे पुष्कळच समान राहतात.

दोन बारकावे व्यवहारात वारंवार नडतात. दुतर्फा परिच्छेदात पत्त्याची ओळ शिफ्ट-एंटरने तोडली तर ती परिच्छेदाची शेवटची ओळ मानली जात नाही, आणि ‘स्थळ’ व सभागृहाचे नाव समासांपर्यंत ताणले जाते. तेथे एंटर देऊन नवा परिच्छेदच करावा. अभंगाच्या कडव्याअखेरचा ‘॥ १ ॥’ उजव्या कडेस न्यावयाचा असेल तर स्पेस बारवर बोट न ठेवता शिफ्ट-टॅब वापरावा, म्हणजे रकान्याची रुंदी बदलली तरी आकडा जागचा हलत नाही. संरेखन, भाषा, कंपोझर व अंतरांच्या मर्यादा प्रत्येक परिच्छेदास हाताने न लावता पॅराग्राफ स्टाइलमध्ये एकदाच नोंदवाव्यात.

पुस्तकाच्या रुंद ओळीस दुतर्फा संरेखन सर्वथा योग्य होय. स्मरणिकेच्या, पत्रकाच्या वा अहवालाच्या अरुंद रकान्यात, विशेषतः हायफनेशन बंद असताना, मजकूर डावीकडे लावून उजवी कड मोकळी सोडणे हेच शुद्ध मुद्रण.