मुलांना ‘श्यामची आई’ शिकवताना : पाच उपक्रम

देवास आणि धार येथील आपल्या घरांतून पवारांच्या काळापासून मराठी बोलली जाते. मुले मात्र हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. देवनागरी त्यांना येते, घरची मराठी कानावर असते. अडते ते अख्खे पुस्तक वाचताना. सुरुवातीला आम्ही साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ही आत्मकथनपर कादंबरी सुचवतो. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्यात ४२ रात्री आहेत. आठवड्याला एक रात्र वाचली तरी वर्षभरात पुस्तक पूर्ण होते.

१. फसवे शब्द : ‘शिक्षा’, ‘चेष्टा’, ‘संसार’ हे शब्द हिंदीतही आहेत, पण अर्थ वेगळे. श्यामला शिक्षा झाली म्हणजे शिक्षण मिळाले, असे मूल समजू शकते. वहीत दोन रकाने आखून असे शब्द मुलांनीच शोधावेत.

२. प्रकट वाचन : प्रत्येकाने एक परिच्छेद मोठ्याने वाचावा. ‘ळ’ आणि ‘चार’-‘चाक’ यांतले दोन ‘च’ हिंदीच्या सवयीने हरवतात. तिथे थांबून उच्चार करून घ्यावा.

३. पत्रावळ : ‘पत्रावळ’ ही रात्र वाचल्यावर मुलांकडून पळसाच्या पानांची पत्रावळ लावून घ्यावी. श्यामला ते शिकायचा कंटाळा का होता, हे हातांना आपोआप कळते.

४. व्याजाचा हिशेब : ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ ही रात्र मोठ्या मुलांसाठी. १०० रुपयांवर १२ टक्क्यांनी १० वर्षांत सरळ व्याजाने २२० रुपये होतात, चक्रवाढीने सुमारे ३१० रुपये. हा हिशेब फळ्यावर मांडला की त्या घराची ओढाताण मुलांना नीट समजते. आमच्यासारख्या बँकेतून निवृत्त झालेल्यांनी हा तास जरूर घ्यावा.

५. दोन बाजू : ‘श्यामचे पोहणे’ या रात्री आई पोहायला टाळणाऱ्या श्यामला मारते. तिचे बरोबर होते का? दोन गट करून मुलांना बोलू द्यावे. तात्पर्य आपण सांगू नये; नाहीतर मुले विचार करायचे सोडून उत्तर पाठ करतात.

शेवटी आचार्य अत्रे यांचा १९५३ चा चित्रपट दाखवावा आणि पुस्तकातले काय गाळले, काय बदलले, याची यादी करून घ्यावी. घरी आजी-आजोबांनी रोज दोन पाने ऐकली, तर वर्गातल्या तासापेक्षाही त्याचा उपयोग जास्त होईल.