बॅबिट बेअरिंगची पुनर्बांधणी

जुन्या मोटारींच्या इंजिनांतील झिजलेल्या बेअरिंगांत नवा धातू ओतून क्रँकशाफ्ट पुन्हा जुळवण्याची प्रक्रिया. फोर्ड मॉडेल ए (१९२७–३१) या चार सिलिंडरच्या मोटारीत सुटे शेल नसतात. तिन्ही मुख्य बेअरिंगांत बॅबिट थेट ओतलेले असते. आयझॅक बॅबिट यांच्या १८३९ च्या शोधावरून ओळखला जाणारा हा मऊ मिश्रधातू कथील, अँटिमनी व तांबे यांचा असतो.

झीज थोडी असल्यास बेअरिंगच्या टोपीखालील पातळ शिम काढून भागते. इंजिनातून खोल ठोके ऐकू येऊ लागले, की ते खोलावेच लागते. क्रँकशाफ्टचा बेअरिंगात फिरणारा भाग, म्हणजे जर्नल, झिजून लंबगोल होतो, म्हणून मायक्रोमीटरने तो आडवा-उभा मोजतात. जर्नलचे ग्राइंडिंग ओतकामाआधी करावे, कारण नव्या बॅबिटचे माप त्यावरूनच ठरते. कनेक्टिंग रॉडमध्येही बॅबिट ओतण्यापूर्वी त्याला आतून कथलाची कल्हई करतात. ती कच्ची राहिली तर बॅबिट धरत नाही व चालत्या इंजिनात सुटते. यातले खरे कसब इथेच आहे. शेवटी तिन्ही मुख्य बेअरिंगे एका रेषेत बोअर करून तेलासाठी सुमारे ०.०२५ ते ०.०४ मिमी फट ठेवतात. असे इंजिन सुरुवातीला कमी वेगातच चालवावे लागते.