यजमान ठरवेल ते

टाय सैल करू नका. उकडतंय हे खरं, पण हा 1951 सालचा जून आहे, आणि फ्रान्समधल्या अशा ठिकाणी दुपारच्या जेवणालाही माणसं सणासारखी नटून येतात. खिशातल्या नोटा मात्र एकदा तपासून घ्या. त्या जुन्या फ्रँकच्याच हव्यात. 1960 मध्ये सरकार शंभर जुन्यांचा एक नवा फ्रँक करणार आहे. त्यानंतरची एखादी नोट चुकून हातात आली, तर वेटरला काय सांगणार?

ल्यों सोडून तीसेक किलोमीटर दक्षिणेला आलात. उजव्या हाताला र्‍होन नदी आहे आणि पलीकडच्या चढावर द्राक्षांचे मळे. हा राष्ट्रीय मार्ग क्रमांक सात. पॅरिसहून भूमध्य समुद्राकडे सुट्टीला निघालेल्या मोटारी याच रस्त्याने जातात, आणि ज्यांना परवडतं ते व्हिएन गावात जेवायला थांबतात. काहींच्या बाबतीत तर समुद्र हे नुसतं निमित्त.

वळणावर दगडी पिरॅमिड दिसेल. चार कमानींच्या चौथऱ्यावर उभा केलेला हा निमुळता सुळका, रोमन काळात इथे रथांच्या शर्यती व्हायच्या त्या मैदानाच्या मधोमध होता. गावातले लोक याला येशूला सुळाची शिक्षा देणाऱ्या पाँटियस पायलटची कबर म्हणतात. ते खरं नाही, पण इतकी चांगली गोष्ट कुठलं गाव सोडून देईल? फोटोसाठी थांबू नका, बारा वाजून गेलेत. त्या सुळक्यावरूनच नाव घेतलेलं हॉटेल पलीकडे आहे: ‘ला पिरामिद’. मिशेलिनच्या हॉटेल-मार्गदर्शक पुस्तकाने 1933 मध्येच याला तीन तारे दिले.

आत शिरलात की अंगण. चिनाराच्या जातीचे मोठे प्लेन वृक्ष, त्यांची दाट सावली, पांढऱ्या कडक इस्त्रीच्या कापडांची टेबलं. आणि समोरून येणारा हा माणूस म्हणजे इथला मालक आणि आचारी, फेर्नां प्वां. सहा फुटांपेक्षा बराच उंच, वजन दीडशे किलोच्या पुढे, गळ्यात रुंद रेशमी बो. सकाळी याच बागेत न्हावी त्याची दाढी करतो आणि तेवढ्या वेळात तो शँपेनच्या दुप्पट मापाच्या बाटलीला हात घालतो, ही गोष्ट सगळ्या फ्रान्सला माहीत आहे. हात पुढे करा. तो पाहुण्याचं तोंड नीट न्याहाळतो. तुमची भूक किती, हे त्याला तिथेच कळतं असा त्याचा दावा आहे.

त्याच्या अंगाकडे बघून गालात हसू नका. या देशात दोन वर्षांपूर्वीपर्यंत, 1949 पर्यंत, पाव रेशनच्या तिकिटावर मिळत होता. युद्धात जर्मन अधिकारी इथे रात्री जेवायला येऊ लागले, तेव्हा प्वांने रात्रीचं जेवणच बंद केलं. मग ते दुपारी मागू लागले, तर त्याने दार लावून घेतलं. आज तो पदार्थात लोणी घाल, अजून घाल, घालतच राहा असं ओरडतो, त्यामागे ही सगळी वर्षं आहेत. आणि तुमच्याकडे? याच आठवड्यात मुंबईत तुमचे आजोबा रेशनकार्ड घेऊन रांगेत उभे असतील, आणि भारताला गहू उधार द्यावा की नाही यावर अमेरिकेत महिनोन् महिने काथ्याकूट चालला आहे. या उधारीचा कायदा 15 जूनला सही होऊन निघेल. हे डोक्यात ठेवूनच खुर्ची ओढा. जेवायचं थांबवायला सांगत नाही, फक्त लक्षात असू द्या.

टेबलावरचं कार्ड मादाम प्वांच्या, म्हणजे मादोच्या हातचं आहे. जेवणघर ती सांभाळते, हिशेब तिचा, पाहुण्यांची नावं तिच्या डोक्यात. कार्डावर फार थोडं लिहिलेलं आहे, आणि ते वाचून काही मागावं अशी अपेक्षा नाही. तुम्ही वाट्टेल त्यावर बोट ठेवा, प्वां मान डोलावेल आणि त्याला वाटेल तेच येईल. इथे येईपर्यंत तुमच्या मनात एक पदार्थ घर करून बसलेला असणार: डुकराच्या मूत्राशयात बांधून शिजवलेली कोंबडी. तिच्या कातडीखाली काळ्या ट्रफल या सुगंधी भूछत्राच्या चकत्या सरकवतात, मूत्राशय बांधून मंद उकळत्या पाण्यात सोडतात, ते टम्म फुगतं, आणि टेबलापाशी आणून फोडतात. तुम्ही ते मागता. प्वां डोळे मिटतो. ट्रफल हिवाळ्यात मिळतं, आज जून आहे. विषय संपला.

इतक्या लांबून, इतक्या वर्षांवरून यायचं आणि हवं ते मिळू नये, याचा राग येतो ना? थोडा वेळ येऊ द्या. या घराचा नियमच हा. रात्री स्वयंपाकघर रिकामं करायचं आणि सकाळी सगळं पुन्हा पहिल्यापासून. सॉससुद्धा कालचा चालत नाही. सकाळी बाजारातून आणि आसपासच्या माणसांकडून जे आलं, त्यावर आजचं कार्ड ठरतं. आपल्या घरी मावशीकडे जेवायला गेल्यावर कोण निवडायला कार्ड देतं? तिने सकाळी ठरवलेलं असतं, आणि आपण ‘काय केलंयस’ एवढंच विचारायचं असतं. पैसे देऊनही हा मान मिळू शकतो, हे कळायला तुम्हाला इतकं मागे यावं लागलं.

पहिल्यांदा ब्रिओश या लोणीदार पावात भाजलेलं फ्वा ग्रा येईल, बदकाच्या मऊ यकृताचं ते श्रीमंत प्रकरण. लहानसाच तुकडा, हावरटपणा करू नका. आत्ता एक वाजतोय आणि तुमच्या समोर तीन तास आहेत. तुम्ही मांसाहार करत नसाल तर पुढचं ताट तुमचं. पांढरा ॲस्परॅगस, सालं काढून नुकताच शिजलेला, सोबत हॉलंडेज सॉस. अंड्याचा बलक, लोणी, लिंबू, एवढ्याच तीन गोष्टी. पण विस्तव जरा जास्त झाला की बलक फुटतो आणि कमी झाला की लोणी बसत नाही. त्यामुळे ते भांडं हाताळणारा मुलगा सकाळपासून कुणाशी बोललेला नाही.

मग गोड्या पाण्यातल्या झिंग्यांच्या शेपट्या. इथले नद्या-ओढ्यांतले हे झिंगे बोटाएवढे असतात. शिजवायचे, सोलायचे, कवचं फेकायची नाहीत, ती लोण्याबरोबर कुटून लोण्याला केशरी रंग आणि वास आणायचा, मग साय, मग वरून हलकासा ताव. एका बशीत किती झिंगे गेले ते मोजायचा मोह होतो. मोजू नका, मागे स्वयंपाकघरात सकाळपासून चौघं सोलायला बसलेत आणि त्यांनी मोजलेलेच आहेत. चमच्याने तळ खरवडा. खरवडलेलं चालतं, उलट न खरवडणाऱ्याकडे इथे संशयाने बघतात.

वाइन तुम्ही निवडायची नाही, हे एव्हाना कळलं असेल. नदीपलीकडच्या काँद्रियू गावची पांढरी वाइन ओततील. जरदाळू आणि कसल्याशा फुलाचा वास येईल. तिचं द्राक्ष व्हिओनिए. उभ्या कड्यांवर दगडी बांध घालून लावलेल्या त्या मळ्यांना हातानेच सगळं करावं लागतं. पहिल्या महायुद्धात गावांतली तरुण माणसं गेली ती परतली नाहीत, कड्यांवर झुडपं वाढली, आणि आता व्हिओनिएच्या वेली थोड्याच उरल्यात. पुढे हे द्राक्ष जगभर लावतील. आज मात्र तुमच्या पेल्यात आहे ती अवघ्या काही डोंगरउतारांवरची.

आता जरा उठा. हात धुवायला म्हणून निघा आणि स्वयंपाकघराच्या दारातून डोकावा. तांब्याची भांडी, कोळशाच्या चुलीची धग, पांढऱ्या टोप्या, आणि फार कमी आवाज. याच वर्षांच्या आसपास या चुलींपुढे कोलोंज गावचा पॉल बोक्यूज असतो. पंचवीस वर्षांचा, युद्धात जखमी झालेला, खांद्यावर अमेरिकन सैनिकांनी कोंबडा गोंदलेला. रोआन गावचे त्र्वाग्रो बंधू, जाँ आणि पिएर, हेही इथेच शिकले. आत्ता त्यांना ओळखायला जाऊ नका. टोपीखाली सगळी पोरं सारखीच दिसतात. आणखी चौदा वर्षांनी बोक्यूज स्वतःच्या हॉटेलाला तीन तारे मिळवेल आणि त्याचा चेहरा मासिकांच्या मुखपृष्ठांवर येईल. आचारी बाहेर येऊन पाहुण्यांशी बोलतो, त्याचं नाव पाटीवर असतं, पाहुणे त्याच्यासाठी शहर सोडून येतात, ही रीत या अंगणातून पुढे गेली. जुन्या काळी आचारी मागच्या दाराने यायचा आणि मागच्याच दाराने जायचा.

बाहेरून नवा आचारी कामाला आला की प्वां त्याला अंडं तळायला सांगतो, हेही ऐकून असाल. बहुतेक जण मोठ्या आचेवर तव्यात अंडं फोडतात, कडा करपतात, आणि प्वां पिसाळतो. त्याची पद्धत अशी: लोणी जेमतेम वितळेल एवढीच आच, अंडं आधी बशीत फोडून मग हळूच तव्यात सरकवायचं, पांढरं सायीसारखं मऊ राहिलं पाहिजे. वेगळं वितळवलेलं लोणी शेवटी वरून. घरी करून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि पाच मिनिटं तव्यापुढे उभं राहण्याचा संयम किती जणांकडे असतो?

परत या, कोंबडी आली. ब्रेस भागातली, निळ्या पायांची, पांढऱ्या पिसांची, लाल तुऱ्याची, म्हणजे फ्रान्सचा झेंडाच. शेवटचे दिवस तिला पिंजऱ्यात ठेवून मका आणि दूध चारतात. त्याबद्दल मला फार बरं वाटत नाही, पण मांस पांढरं आणि लुसलुशीत होतं ते त्यामुळेच. आज तिला सायीत आणि तारागॉनच्या पानांत शिजवलंय. ट्रफल नाही म्हणून मघाशी रुसला होतात ना? आता पाहा, बडीशेपेच्या जवळ जाणारा तो हिरवा वास सायीला कसा हलका करतो. ट्रफल असतं तर हे मिळालं नसतं, एवढंच म्हणतो. प्वां टेबलाशी येऊन उभा आहे. तो ‘आवडलं का’ असं विचारत नाही. तुमच्या ताटात किती उरलंय तेवढं बघतो.

जवळच्या डोंगराळ भागातलं सँ-मार्सलँ नावाचं छोटं चपटं चीज येईल, इतकं पिकलेलं की चमच्याने घ्यावं लागतं. त्यानंतर मार्जोलेन. बदाम आणि हेझलनटचे पातळ कुरकुरीत थर, मध्ये चॉकलेट, व्हॅनिला आणि प्रालिन यांचे वेगवेगळे लेप, वरून कोको. एक गंमत सांगतो. हा केक एक दिवस मुरावा लागतो, नाहीतर थर सुटे सुटे लागतात. रिकाम्या स्वयंपाकघराच्या नियमाला इथे हळूच कलाटणी दिली आहे, आणि प्वांला त्याबद्दल विचारायची कुणाची टाप नाही. तुम्हीही विचारू नका.

साडेचार वाजले. टेबलं अजून भरलेली आहेत, कुणालाच घाई नाही. मादो बिल घेऊन येते. रक्कम पाहून घाबरू नका, शून्यं जुन्या फ्रँकची आहेत. तरी स्वस्त नाहीच. तिला नाव सांगा, ती लक्षात ठेवेल. हे तारे पुढे तिनेच राखायचे आहेत. 1955 च्या मार्चमध्ये प्वां जाईल, आणि त्यानंतर तीस वर्षांहून जास्त काळ, 1986 मध्ये स्वतः जाईपर्यंत, ती तीन तारे ढळू देणार नाही. प्वांची पाकप्रकारांची वही पुस्तक होऊन निघेल 1969 मध्ये, पण तो तेव्हा नसेल.

म्हणून पुढच्या वेळी जानेवारी निवडा, 1955 च्या आतला. गरम कोट घ्या, जेवण आतल्या खोलीत होईल, आणि ट्रफल आलेलं असेल.