बालकांमधील खुजेपणा आणि ग्रामविकास आराखडा

बालकांमधील खुजेपणा म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढमापदंडांनुसार ज्या बालकाची उंची त्या वयाच्या मध्यक उंचीपेक्षा दोन प्रमाण विचलनांहून अधिक कमी असते, ते खुजे समजले जाते. उंचीच्या मानाने वजन कमी असणे, म्हणजे कृशता, ही यापेक्षा वेगळी अवस्था होय.

कारणे

मातेचे कुपोषण, कमी वयातील गर्भारपण, अपुरा पूरक आहार, वारंवार होणारे अतिसार आणि अस्वच्छ पाणी ही खुजेपणाची प्रमुख कारणे आहेत. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे १००० दिवस निर्णायक असतात. त्या काळात खुंटलेली वाढ नंतर भरून काढणे कठीण असते. तिचा परिणाम बौद्धिक विकासावर व शिक्षणावरही होतो.

महाराष्ट्रातील स्थिती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यात पाच वर्षांखालील खुज्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते ३४.४ टक्क्यांवर आले. मात्र २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के आढळले, म्हणजे घट थांबली. २००५ मध्ये स्थापन झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनने कुपोषणाच्या प्रश्नावर महिला व बालविकास आणि आरोग्य या विभागांत समन्वय साधण्याचा प्रयत्न केला.

स्थानिक नियोजन

७३व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत पिण्याचे पाणी, आरोग्य व स्वच्छता आणि महिला व बालविकास यांचा समावेश आहे. राज्यात ‘आमचा गाव, आमचा विकास’ या उपक्रमांतर्गत ग्रामपंचायती विकास आराखडा तयार करतात. शाश्वत विकास ध्येयांच्या स्थानिकीकरणासाठी ठरविलेल्या नऊ संकल्पनांत आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव व जलसमृद्ध गाव यांचा अंतर्भाव होतो. २०३० पर्यंत सर्व प्रकारचे कुपोषण संपविणे हे ध्येय क्रमांक २ मधील एक लक्ष्य आहे.

लांजा तालुक्याचा संदर्भ

लांजा हा रत्नागिरी जिल्ह्यातील, मुंबई–गोवा महामार्गावरील तालुका आहे. कोकणात भरपूर पाऊस पडत असला तरी जांभ्या खडकातून पाणी लवकर झिरपते. त्यामुळे डोंगरउतारावरील वाड्यांना उन्हाळ्यात टंचाई जाणवते. वाड्या विखुरलेल्या असल्याने अंगणवाडी व आरोग्य उपकेंद्र गाठण्यासही वेळ लागतो. अशा गावाच्या आराखड्यात वाडीनिहाय पाणीपुरवठा, अंगणवाडीतील शौचालय व पाणी, गर्भवतींची नियमित तपासणी, परसबाग आणि नाचणी, कुळीथ यांसारख्या स्थानिक धान्य-कडधान्यांचा आहारात वापर ही कामे एकत्र मांडता येतात. नाचणीत कॅल्शियमचे प्रमाण विशेष असते. तरी केवळ तिच्यावर भिस्त न ठेवता कडधान्ये, भाज्या, अंडी व मासे यांची जोड आवश्यक असते.

मर्यादा

उंचीची नोंद अचूक नसेल तर आराखड्याचा पायाच कच्चा राहतो. दोन वर्षांखालील बालकाची लांबी आडवे झोपवून मोजावी लागते, तसेच जन्मतारखेची खात्री करावी लागते. वजनाच्या तुलनेत उंचीतील सुधारणा सावकाश दिसते. त्यामुळे एका वर्षाच्या आकड्यांवरून आराखड्याचे यशापयश ठरविता येत नाही.