संबंधित सारण्यांवरून नोंदी गाळणे

संबंधित सारण्यांवरून नोंदी गाळणे म्हणजे विदागारातील एका सारणीतील नोंदींची निवड दुसऱ्या, तिच्याशी जोडलेल्या सारणीतील मजकुरावरून करणे होय. मोबाइल ॲपच्या रचनेत हा प्रश्न वारंवार उद्भवतो. ‘ज्या ग्राहकांची मागणी अद्याप पोहोचलेली नाही असे ग्राहक’, ‘ज्या वाचकांकडे मुदत संपलेले पुस्तक आहे असे वाचक’, ‘ज्या बालकांना अमुक लस मिळालेली नाही अशी बालके’ या सर्व याद्यांत एक समान सूत्र आहे. यादी एका घटकाची हवी असते, पण अट दुसऱ्याच घटकाला लागू होते.

मराठीत ‘गाळणे’ या क्रियापदाला दोन परस्परविरोधी छटा आहेत. चहा गाळला की हवे ते भांड्यात उतरते. यादीतून नाव गाळले की ते बाहेर पडते. प्रस्तुत लेखात हा शब्द पहिल्या अर्थाने वापरला आहे. या विषयातील चुका मात्र बहुधा दुसऱ्या अर्थाच्या असतात. अट चुकीची लिहिली तरी ॲप बंद पडत नाही, दोषसूचनाही येत नाही. यादी नीटनेटकी दिसते आणि तिच्यातून एखादे नाव नकळत गळालेले असते.

## पार्श्वभूमी

माहिती परस्परसंबंधित सारण्यांत मांडण्याची कल्पना एडगर कॉड यांनी आयबीएम या कंपनीत काम करीत असताना १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडली. याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी त्या दशकात तयार केलेली प्रश्नभाषा पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झाली. ‘घटक’ आणि ‘संबंध’ या परिभाषेत माहितीचा आराखडा काढण्याची पद्धत पीटर चेन यांनी १९७६ साली मांडली.

मोबाइलच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचे नाव एसक्यूलाइटचे होय. रिचर्ड हिप यांनी २००० साली प्रसिद्ध केलेले हे छोटे विदागार अँड्रॉइड व आयफोन या दोन्ही प्रकारच्या फोनांत अंतर्भूत असते. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही. संपूर्ण विदागार एका फाइलमध्ये मावते. बहुतेक ॲपनिर्माते त्याच्याशी थेट न बोलता मधल्या थराचा आधार घेतात. ॲपलचा कोअर डेटा हा थर २००५ साली मॅकसाठी आणि २००९ साली आयफोनसाठी उपलब्ध झाला. २०२३ साली त्याच्या जोडीला स्विफ्टडेटा आला. अँड्रॉइडसाठी गूगलने २०१७ साली रूम हा थर आणला. साधने निरनिराळी असली तरी पुढील विवेचनातील अडचणी सर्वांना समान आहेत.

## उदाहरण

विवेचनाच्या सोयीसाठी एका काल्पनिक लसीकरण-ॲपमधील दोन सारण्या घेऊ. ‘बालक’ या सारणीत प्रत्येक बालकाचा क्रमांक, नाव व जन्मदिनांक आहे. ‘डोस’ या सारणीत दिलेल्या प्रत्येक डोसची एक नोंद असून तीत बालकाचा क्रमांक, लसीचे नाव व दिनांक आहे. एका बालकाचे अनेक डोस असू शकतात, म्हणून हा ‘एकास अनेक’ संबंध होय. येथे बालकाची नोंद मुख्य आणि डोसची नोंद आश्रित समजावी. भारताच्या राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार पेंटाव्हॅलंट लसीचा तिसरा डोस १४ आठवड्यांनी आणि गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान दिला जातो.

| बालक | जन्म | नोंदलेले डोस |
|---|---|---|
| सई | मे २०२३ | पेंटाव्हॅलंट-३ (सप्टेंबर २०२३), गोवर-रुबेला-१ (मार्च २०२४) |
| मुक्ता | नोव्हेंबर २०२३ | पेंटाव्हॅलंट-३ (मार्च २०२४), गोवर-रुबेला-१ (सप्टेंबर २०२४) |
| कबीर | मे २०२३ | पेंटाव्हॅलंट-३ (सप्टेंबर २०२३) |
| ओम | जून २०२३ | एकही नोंद नाही |

## नकाराची अट

वर्ष २०२४ च्या अखेरीस आशा सेविकेला घरभेटीसाठी गोवर-रुबेला न मिळालेल्या बालकांची यादी हवी आहे. योग्य उत्तर कबीर व ओम हे आहे.

नवखा प्रोग्रामर येथे बहुधा ‘ज्याच्या एखाद्या डोसची लस गोवर-रुबेला नाही ते बालक’ अशी अट लिहितो. वाचताना ती बरोबर वाटते. प्रत्यक्षात सईच्या नावावर पेंटाव्हॅलंटचा डोस आहे आणि तो गोवर-रुबेला नाही, म्हणून सई यादीत येते. त्याच न्यायाने मुक्ता येते. कबीरही येतो, पण तो योगायोगाने. ओमच्या नावावर डोसच नसल्याने अट पूर्ण करणारा ‘एखादा डोस’ त्याच्याकडे नसतो आणि तो यादीबाहेर राहतो. ज्या दोन घरी जायची गरज नव्हती तेथे सेविका जाते. ज्या बालकाला एकही लस मिळाल्याची नोंद नाही त्याच्या घरी ती जात नाही.

चूक नकाराच्या जागेची आहे. ‘गोवर-रुबेला नसलेला डोस आहे’ आणि ‘गोवर-रुबेलाचा डोस नाही’ ही दोन भिन्न विधाने होत. दुसरे विधान हवे असल्यास नकार संपूर्ण उपप्रश्नाच्या बाहेर ठेवावा लागतो. एसक्यूएलमध्ये त्यासाठी ‘नॉट एक्झिस्ट्स’ ही रचना आहे: ज्या बालकासाठी गोवर-रुबेलाचा डोस अस्तित्वात नाही, ते बालक निवडा. कोअर डेटात ‘सबक्वेरी’ लिहून तिची मोजदाद शून्य आहे का, हे तपासतात.

याच कामासाठी ‘नॉट इन’ ही रचनाही वापरली जाते. मात्र तिच्यात एक सापळा आहे. उपप्रश्नातून आलेल्या क्रमांकांत एखादी जागा जरी रिकामी, म्हणजे ‘नल’, असली तरी संपूर्ण उत्तर रिकामे येते. एसक्यूएलच्या त्रिमूल्य तर्कशास्त्रात रिकाम्या जागेशी केलेली तुलना ‘खरी’ही नसते आणि ‘खोटी’ही नसते, ती ‘अज्ञात’ असते. डोसच्या एकाच नोंदीत बालकाचा क्रमांक भरायचा राहिला तर ‘सर्व बालकांचे लसीकरण झाले’ असा आभास निर्माण होऊ शकतो.

## दोन अटी, एकच नोंद

दुसरा प्रश्न: मार्च २०२४ मध्ये गोवर-रुबेला मिळालेली बालके कोणती? उत्तर एकच, सई. परंतु ‘एखाद्या डोसची लस गोवर-रुबेला आहे’ आणि ‘एखाद्या डोसचा दिनांक मार्च २०२४ मधील आहे’ अशा दोन अटी सुट्या लिहून ‘आणि’ने जोडल्या, तर मुक्ताही निवडली जाते. तिला मार्चमध्ये डोस मिळाला होता आणि गोवर-रुबेलाही मिळाली होती, मात्र ते दोन वेगळे डोस होते.

कोअर डेटाच्या प्रेडिकेट भाषेत ‘एनी’ हा शब्द प्रत्येक अटीत स्वतंत्रपणे लागू होतो. दोन ‘एनी’ एकाच नोंदीकडे बोट दाखवतीलच असे नाही. दोन्ही अटी एकाच डोसवर लागू करावयाच्या असल्यास ‘सबक्वेरी’ लागते, कारण तीत आश्रित नोंदीला तात्पुरते नाव देऊन त्या एका नावाविषयी सर्व अटी सांगता येतात. गाव, त्यातील बालके आणि त्यांचे डोस अशा दोन ‘एकास अनेक’ पायऱ्या ओलांडायच्या असतील, तर साधा ‘एनी’ एसक्यूलाइटवर आधारलेल्या कोअर डेटात स्वीकारलाच जात नाही; तेथे उपप्रश्नाचाच मार्ग उरतो.

मराठीतील ‘जो–तो’ वाक्यरचना या उपप्रश्नाच्या बरीच जवळची आहे. ‘ज्या बालकाला असा डोस मिळाला की जो गोवर-रुबेलाचा होता व जो मार्चमध्ये दिला गेला, ते बालक’ हे वाक्य बोजड खरे, परंतु त्यातील ‘जो’ एकाच डोसला बांधलेला आहे. याउलट ‘सर्व डोस न मिळालेली बालके’ हा सुटसुटीत शब्दप्रयोग संदिग्ध आहे: एकही डोस न मिळालेली, की काही डोस राहिलेली? आरोग्य केंद्राने तोंडी सांगितलेली गरज प्रोग्रामरने या दोहोंपैकी कोणत्या अर्थाने घेतली, यावर यादी ठरते. प्रोग्राम लिहिण्यापूर्वी ते वाक्य लांबवून लिहून घेणे इष्ट.

## ‘सर्व’ आणि रिकामा संच

‘ज्यांचे सर्व डोस मुदतीत झाले अशी बालके’ या अटीत ओमचा समावेश होतो. त्याच्या नावावर एकही डोस नसल्याने मुदतीबाहेरचा डोसही नाही, म्हणून तर्कशास्त्राच्या नियमानुसार अट पूर्ण होते. हा दोष साधनाचा नाही. रिकाम्या संचाविषयीचे ‘सर्व’ हे विधान गणितात सत्यच मानले जाते. ‘किमान एक डोस आहे’ अशी वेगळी अट जोडल्याशिवाय हे टळत नाही. किंबहुना ‘मिळायला हवे होते ते डोस’ ही तिसरी सारणी असल्याशिवाय लसीकरण पूर्ण झाले की नाही, हे ‘मिळालेले डोस’ या सारणीवरून सांगताच येत नाही.

## जोडणीतील दोष

दोन सारण्या ‘जॉइन’ने जोडल्या असता प्रत्येक जुळणाऱ्या जोडीची एक ओळ मिळते. त्यामुळे सई व मुक्ता उत्तरात दोनदा येतात आणि कबीर एकदा. ओम येतच नाही. या ओळी मोजून ‘पाच बालके’ असा आकडा पडद्यावर दाखवणारी ॲपे दुर्मीळ नाहीत. ‘डिस्टिंक्ट’ लावून पुनरुक्ती टळते, ओम मात्र परत येत नाही.

तो परत यावा म्हणून ‘लेफ्ट जॉइन’ वापरतात. त्यात डावीकडील प्रत्येक बालक उत्तरात राहते व डोस नसल्यास त्या जागा रिकाम्या राहतात. पण लसीच्या नावाची अट ‘व्हेअर’ या भागात लिहिली तर रिकाम्या जागा तेथे टिकत नाहीत आणि जोडणी पुन्हा साध्या जॉइनसारखी वागू लागते. अट जोडणीच्या ‘ऑन’ या भागात लिहावी लागते.

## मुख्य नोंद गाळली, आश्रित नोंदी तशाच

गोवर-रुबेला मिळालेली बालके निवडल्यावर प्रत्येकाच्या नावाखाली केवळ तोच डोस दिसेल, अशी अपेक्षा असते. ती चुकीची आहे. कोअर डेटात निवडीची अट कोणती बालके आणायची एवढेच ठरवते. सईच्या नोंदीतून तिचे डोस मागितले की दोन्ही मिळतात. रूममध्ये ‘रिलेशन’ या खुणेने जोडलेल्या नोंदी स्वतंत्र प्रश्नाद्वारे आणल्या जातात आणि मूळ प्रश्नातील अट त्यांना लागू होत नाही. तेथे डोसही गाळावयाचे असतील तर जॉइन लिहून उत्तर बालक व डोसांची यादी अशा जोड्यांत घेण्याची सोय आहे. ती रूमच्या २.४ या आवृत्तीपासून उपलब्ध झाली.

## वेग

फोनवरील नोंदी काही हजारांत असल्या तरी गाळण्याचे काम विदागाराकडेच सोपवावे. सर्व बालके स्मृतीत आणून प्रत्येकाचे डोस एकेक करून मागवल्यास बालकांच्या संख्येइतके जादा प्रश्न विचारले जातात व पडदा अडखळतो. डोस-सारणीतील बालक-क्रमांकाच्या स्तंभावर सूची, म्हणजेच इंडेक्स, असणेही आवश्यक असते. परकीय कळ घोषित केली म्हणून एसक्यूलाइट अशी सूची आपोआप तयार करीत नाही. रूम निदान संकलनाच्या वेळी तशी सूचना देते.

## देवनागरी मजकूर आणि संबंध

दोन सारण्या क्रमांकाऐवजी नावावरून जोडल्यास मराठी मजकुरात विशेष अडचण येते. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका स्वतंत्र संकेताने लिहिता येते, तसेच ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनीही. ‘कऱ्हाड’ हा शब्द दोन कळफलकांवरून टंकला असता डोळ्यांना एकच दिसतो, तथापि साठवलेले संकेत वेगळे असू शकतात. एसक्यूलाइट मूळ स्थितीत मजकुराची तुलना साठवलेल्या संकेतांवरून करते. तिला हे दोन भिन्न शब्द वाटतात. गाव-सारणीतील ‘कऱ्हाड’ आणि बालकाच्या नोंदीतील ‘कऱ्हाड’ जुळत नाहीत आणि त्या गावातील बालके गाळणीत सापडत नाहीत. यास्तव संबंध नेहमी क्रमांकावर आधारलेला असावा आणि नावे साठवण्यापूर्वी युनिकोडच्या एकाच प्रमाण रूपात आणावीत.

## चाचणी

अशा अटींची चाचणी घेताना नमुना-नोंदींत ओमसारखी एकही आश्रित नोंद नसलेली, सईसारखी अटीत बसणारी आणि मुक्तासारखी दोन वेगळ्या नोंदींत विभागून अटी पूर्ण करणारी अशी किमान तीन बालके असावी लागतात. सर्व बालकांना एकेकच डोस दिलेल्या नमुन्यावर वरील बहुतेक चुका उघड होत नाहीत. कोअर डेटाची चाचणी केवळ स्मृतीतील साठ्यावर घेणेही अपुरे ठरते. तेथे अट थेट वस्तूंवर तपासली जाते, तर एसक्यूलाइटच्या साठ्यात तिचे आधी एसक्यूएलमध्ये रूपांतर होते. त्यामुळे एका ठिकाणी चालणारी अट दुसरीकडे नाकारली जाऊ शकते.