गर्भिणीची झोप आणि अर्भकाची मेंदूवाढ

गर्भिणीची झोप या विषयात गर्भावस्थेच्या सुमारे चाळीस आठवड्यांतील झोपेचे तास, गाढता, वेळ आणि झोपताना घेतलेली कूस यांचा विचार होतो. आईची झोप आणि बाळाच्या मेंदूची व स्वभावाची घडण यांचा संबंध आता मान्य झाला आहे, पण तो थेट नाही. आईच्या शरीरातील संप्रेरके, रक्तपुरवठा, मनःस्थिती आणि प्रसूतीची वेळ या वाटांनी तो बाळापर्यंत पोचतो. त्यामुळे दोनचार रात्री झोप लागली नाही म्हणून बाळाचे काही बिघडत नाही. प्रश्न महिनोन् महिने तुटणाऱ्या झोपेचा आहे.

पहिल्या तीन महिन्यांत प्रोजेस्टेरॉन वाढल्याने दिवसाही पेंग येते आणि मळमळीमुळे रात्रीची झोप मोडते. मधले तीन महिने बहुतेकींना बरे जातात. सातव्या महिन्यानंतर मात्र लघवीसाठी वारंवार उठणे, छातीत जळजळ, कंबरदुखी, पोटरीत गोळे येणे आणि बाळाची हालचाल यांमुळे सलग झोप मिळत नाही. अंथरुणावर पडल्यावर पाय वळवळणे आणि ते हलवल्याशिवाय चैन न पडणे हा स्वतंत्र विकार आहे. त्याचा लोहाच्या कमतरतेशी जवळचा संबंध आहे. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून आपल्याकडे पाय वळवळण्याच्या तक्रारीला ‘गरोदरपणात असे होतेच’ म्हणून सोडून देणे बरोबर नाही. नव्याने सुरू झालेले जोरदार घोरणेही दुर्लक्षू नये. झोपेत श्वास अडखळण्याच्या विकाराचा गर्भावस्थेतील वाढत्या रक्तदाबाशी आणि मधुमेहाशी संबंध दिसून आला आहे.

याच काळात गर्भाचा मेंदू घडत असतो. ज्या नलिकेपासून मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचे कळण्याच्या सुमारास. बहुतेक चेतापेशी गर्भकाळाच्या मध्यापर्यंत तयार होतात, आणि पुढे त्यांच्यातील जोडण्या व तंतूंवरील आवरण यांचे काम चालते. ३५ व्या आठवड्यात बाळाच्या मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या वजनाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असते. उरलेली वाढ अखेरच्या चारपाच आठवड्यांत होते, आणि नेमके तेव्हाच आईची झोप सर्वांत कमी असते.

गर्भही झोपतो, किंबहुना बहुतेक वेळ झोपलेलाच असतो. यान नायहाउस, हाइन्ट्स प्रेख्टल आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हृदयाचे ठोके, डोळ्यांची हालचाल आणि अंगाची हालचाल यांवरून गर्भाच्या चार वर्तन-अवस्था वर्णिल्या. शांत झोप आणि चळवळी झोप त्यांत वेगळ्या ओळखता येतात, आणि ३६ व्या आठवड्याच्या सुमारास या अवस्थांना स्थिर रूप येते. चळवळ्या झोपेत मेंदू स्वतःच स्वतःला उद्दीपन देतो आणि त्यातून जोडण्या पक्क्या होतात, असे मानले जाते. नवजात बाळाची निम्मी झोप याच प्रकारची असते. गर्भाला दिवस-रात्र कळते ती आईकडून. तिच्या रक्तातील मेलाटोनिन वारेतून सहज पलीकडे जाते. बाळाची स्वतःची लय बसायला जन्मानंतर दोनतीन महिने लागतात. तोवर बाळाने दिवस-रात्रीचा घोळ घालणे स्वाभाविक असते.

तुटक झोपेने आईच्या शरीरात कॉर्टिसॉल या ताण-संप्रेरकाची दैनंदिन चढउतार बिघडते आणि दाह दर्शवणारे घटक वाढतात. वारेतील एक विकर आईच्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग निष्क्रिय करून गर्भाला वाचवते, पण सगळा नाही. क्लॉडिया बुस आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अभ्यासात, गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या काळात ज्यांच्या आईचे कॉर्टिसॉल जास्त होते अशा मुलींमध्ये सातव्या वर्षाच्या सुमारास मेंदूतील उजवा अमिग्डाला, म्हणजे भीती व भावनांशी निगडित भाग, मोठा आढळला. मुलग्यांत तसे दिसले नाही. हा अभ्यास ताणाचा होता, झोपेचा नव्हे. झोपेपासून मेंदूपर्यंतची साखळी एकाच अभ्यासात कडी-कडीने दाखवलेली क्वचितच सापडते, ती अशी तुकड्यांनी जोडावी लागते.

दुसरी वाट अकाली प्रसूतीची आहे. कॅलिफोर्नियातील प्रसूतींच्या नोंदींवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झोपेच्या विकाराचे निदान झालेल्या स्त्रियांत ३४ आठवड्यांपूर्वीच्या प्रसूतीचे प्रमाण जवळपास दुप्पट दिसले. लवकर जन्मलेल्या बाळाचा मेंदू ते अखेरचे आठवडे गर्भाशयाबाहेर काढतो.

झोपेचे तास थेट मोजून मुलांकडे पाहणारे अभ्यास अलीकडचे आहेत. जपानमध्ये २०११ पासून सुमारे एक लाख गर्भवतींचा मागोवा घेतला जात आहे. त्यात फार कमी झोप आणि मध्यरात्रीनंतर झोपण्याची सवय यांचा अर्भकाच्या झोपेशी आणि रडण्याशी संबंध आढळला. चीनमधील हफेई येथील आन्ह्वी वैद्यकीय विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे सात हजार माता-मुलांच्या जोड्या पाहिल्या. सात तासांपेक्षा कमी झोपलेल्या मातांच्या मुलांत विकासातील विलंबाचा धोका अधिक दिसला, मुलग्यांत विशेष. असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. ज्या घरात आईला झोप मिळत नाही तिथे पैसा, पोषण आणि आधार यांचीही बहुधा चणचण असते, आणि गणिताने ते सगळे वेगळे काढता येत नाही.

भावनिक वाढीबाबत सर्वांत मजबूत दुवा आईच्या मनःस्थितीचा आहे. निद्रानाश आणि नैराश्य एकमेकांना वाढवतात. इंग्लंडमधील एव्हन परिसरातील पाहणीत, गर्भावस्थेत तीव्र चिंता असलेल्या मातांच्या मुलांत चौथ्या वर्षी वर्तनाच्या व भावनिक अडचणी अधिक दिसल्या. मराठी-कोकणी मुलखातील याला जवळचे काम गोव्याचे आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तेथील २७० मातांचा गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीपासून मागोवा घेतला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य होते. पुढील वर्षीच्या लेखात अशा मातांच्या बाळांची सहाव्या महिन्यातील शारीरिक वाढ आणि बौद्धिक विकास मागे असल्याचे दाखवले गेले. आर्थिक ओढाताण, नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी ही नैराश्यामागची कारणे होती. झोपेच्या गोळीने यातले काहीच सुटणारे नाही.

भारतीय वैद्यकाने हा विषय फार आधी हाताळला आहे. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. तिच्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सतत झोपणाऱ्या गर्भिणीचे मूल आळशी व मंदबुद्धी होते, तर उताणे झोपल्याने नाळ गर्भाच्या गळ्याभोवती गुंडाळते, असे म्हटले आहे. सुश्रुत दिवसाची झोप आणि रात्रीचे जागरण दोन्ही वर्ज्य ठरवतो. उताणे न झोपण्याचा सल्ला आजही टिकून आहे, कारण मात्र वेगळे आहे. २८ आठवड्यांनंतर उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो. २०१९ च्या एका एकत्रित विश्लेषणात, झोपी जाताना उताण्या असणाऱ्या स्त्रियांत मृतजन्माची शक्यता सुमारे २.६ पट आढळली. दुपारच्या झोपेबद्दलचा निषेध आजचे वैद्यक मानत नाही. लोककथेने तर झोपेलाच दोषी ठरवले. चक्रव्यूहाची कथा ऐकता ऐकता सुभद्रेला डोळा लागला म्हणून अभिमन्यूचे ज्ञान अर्धे राहिले, असे घरोघर सांगितले जाते. महाभारतातला अभिमन्यू आपल्याला व्यूह भेदायला पित्याने शिकवले एवढेच सांगतो. गर्भाला सुमारे २५ व्या आठवड्यापासून ऐकू येऊ लागते हे खरे, पण ध्वनिफिती ऐकवण्यासाठी आईने जागरण करावे याला आधार नाही.

महाराष्ट्रात झोपेचा प्रश्न कामापासून वेगळा काढता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा दीर्घ अभ्यास केला. त्याचे नेतृत्व डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे. त्यातीलच शोभा राव आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या लेखात शेतकाम, विहिरीवरून पाणी आणणे, धुणे अशा कष्टांची मोजदाद आहे. जास्त कष्ट करणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन कमी आणि डोक्याचा घेर लहान भरला. झोप हा त्या अभ्यासाचा विषय नव्हता, तरी आपल्या खेड्यांतील गर्भिणीच्या विश्रांतीविषयी इतका जवळचा पुरावा दुसरा नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात हा कष्टांचा दिवस पहाटे सुरू होतो. करवीर तालुक्यातील कळंबा आज शहराचे उपनगर झाले असले तरी त्या पट्ट्यात गोठे टिकून आहेत. सकाळचे दूध संस्थेत वेळेवर पोचवायचे तर शेणघाण, वैरण आणि धार उजाडण्यापूर्वी उरकावी लागते. रात्रीची जेवणे, भांडी आवरून उशिरा पाठ टेकणाऱ्या सुनेला सहा तासही सलग मिळत नाहीत. आशा सेविका आणि अंगणवाडीतून रात्री आठ तास आणि दुपारी दोन तास विश्रांती सांगितली जाते. ती बहुधा सुनेला सांगितली जाते, सासूला आणि नवऱ्याला सांगायला हवी. पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी जाण्याची रीत या दृष्टीने शहाणपणाची आहे. झोप सर्वांत कठीण होते त्याच काळात बाईवरचे काम उतरते.

उपचारात औषधांचा क्रम शेवटचा. डाव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन झोपणे, संध्याकाळनंतर चहा टाळणे, रात्री उशिरा पाणी कमी पिणे आणि दुपारी थोडी डुलकी घेणे यांनी पुष्कळ फरक पडतो. ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली शासकीय गोळी गर्भवतीने १८० दिवस घ्यायची असते, आणि ती चहाबरोबर घेऊ नये. टिकून राहिलेल्या निद्रानाशावर विचार व सवयी बदलणारी मानसोपचार-पद्धती गर्भावस्थेतही उपयोगी ठरली आहे. झोपेची गोळी डॉक्टरांशिवाय घेऊ नये.

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीची पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा २६ आठवडे झाली. त्यांतील आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. गळीत हंगामात कोल्हापूरच्या फडांवर येणाऱ्या ऊसतोड मजूर स्त्रिया मात्र नवऱ्यासह एका कोयत्यावर, म्हणजे जोडीने, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन आलेल्या असतात. पहाटे तोड, आणि वाहन येईल तेव्हा, रात्रीसुद्धा, मोळ्या भरणे असा त्यांचा दिवस असतो. गरोदर असली तरी कामावर न आलेल्या दिवसाचा खाडा, म्हणजे दंड, लागतो.